लहान संमीलन-भट्टीतील पहिला प्रवाह

दिल्लीच्या संसदेत १ फेब्रुवारी २०२५ रोजी मांडल्या गेलेल्या अर्थसंकल्पात लहान अणुभट्ट्यांच्या संशोधनासाठी २०,००० कोटी रुपयांच्या मोहिमेची घोषणा झाली आणि स्वदेशी बनावटीच्या किमान पाच लहान भट्ट्या २०३३ पर्यंत चालू करण्याचे उद्दिष्ट सांगण्यात आले. तेव्हापासून ‘लहान’ हे विशेषण अणुशक्तीच्या चर्चेत मोठ्या मानाने वावरू लागले आहे. ह्या भट्ट्या विखंडनाच्या, म्हणजे युरेनियमसारख्या जड अणूचे केंद्रक फोडून ऊर्जा मिळवणाऱ्या आहेत. परंतु वृत्तपत्रांतून त्यांच्या शेजारीच दुसऱ्या एका लहान भट्टीची वार्ता येत असते. ती संमीलनाची, म्हणजे हायड्रोजनच्या जातीची हलकी केंद्रके एकत्र आणून ऊर्जा मिळवू पाहणारी. दोहोंना ‘अणु’ हे उपपद लागते, दोन्ही ‘लहान’ म्हणवल्या जातात, आणि सामान्य वाचकाच्या मनात त्यांची सरमिसळ होते. ही सरमिसळ निस्तरण्याचा सर्वांत सोपा मार्ग म्हणजे एकच प्रश्न विचारणे : ही भट्टी सुरू कशी होते?

विखंडनाच्या भट्टीचे उत्तर थोडक्यात देता येते. इंधन पुरेसे असले, मांडणी योग्य असली आणि न्यूट्रॉन शोषून घेणारे नियंत्रक दांडे हळूहळू वर उचलले की साखळी-प्रक्रिया आपोआप वाढू लागते. तिथे खरी चिंता असते ती तिला आवरण्याची. संमीलनाच्या भट्टीत सगळे उलट आहे. तिथे काहीही आपोआप होत नाही. निर्वात पात्रात भरलेला विरळ वायू थंड, निर्जीव आणि विजेला दाद न देणारा असतो. त्याचे प्रथम विजेच्या वाहकात रूपांतर करायचे, मग त्या वाहकातून लक्षावधी अँपिअरचा प्रवाह वाहवायचा, आणि एवढे साधल्यावर कोठे तापवण्याच्या गोष्टी बोलायच्या. ह्या पहिल्या पायरीकडे लोकप्रिय लेखनात जवळजवळ कोणीच पाहत नाही. ‘कृत्रिम सूर्य’ हा शब्दप्रयोग त्याला बराचसा जबाबदार आहे. सूर्याला कोणी पेटवावे लागले नाही, त्याच्या गुरुत्वाकर्षणानेच ते काम केले. पृथ्वीवरच्या यंत्राला ती सवलत नाही.

प्रवाह हवाच कशासाठी, हे आधी पाहिले पाहिजे. इलेक्ट्रॉन आणि केंद्रके सुटी झालेल्या अतितप्त वायूला प्लाझ्मा म्हणतात. मराठी परिभाषाकारांनी त्यासाठी ‘आयनद्रायू’ असा शब्द घडवला होता, पण तो रुळला नाही. दहा कोटी अंशांहून अधिक तापलेला प्लाझ्मा कोणत्याही धातूच्या भिंतीला टेकवता येत नाही. त्याला चुंबकीय क्षेत्राच्या अदृश्य पात्रात ठेवावे लागते. टोकामॅक ह्या यंत्रात हे पात्र कंकणाच्या आकाराचे असते. कंकणाच्या लांबीला अनुसरून जाणारे क्षेत्र बाहेरच्या कुंडलांनी निर्माण करता येते. पण तेवढ्याने भागत नाही, कारण सरळ वळसे घेणाऱ्या क्षेत्ररेषांवरून प्लाझ्मा बाहेर सरकत जाऊन भिंतीवर आदळतो. रेषांना दोरीसारखा पीळ बसला तरच तो धरून ठेवला जातो, आणि हा पीळ देण्याचे काम प्लाझ्मातून वाहणारा विद्युत्प्रवाह स्वतःच करतो. म्हणजे टोकामॅकमधला प्रवाह हा नुसता तापवण्यासाठी वाहत नाही. तो त्या पात्राची भिंत आहे. प्रवाह नाही तर पात्र नाही. आणि पात्र नसताना प्रवाह उभा करायचा आहे! आरंभीच्या काही मिलिसेकंदांतील सारी अडचण ह्या एका वाक्यात आली.

टोकामॅकची कल्पना रशियन शास्त्रज्ञांची. मॉस्कोच्या कुर्चातोव्ह संस्थेतील टी-३ ह्या यंत्राचे निष्कर्ष १९६८ मध्ये नोव्होसिबिर्स्क येथील परिषदेत मांडले गेले, तेव्हा पाश्चात्त्य शास्त्रज्ञांचा त्यांवर सहजी विश्वास बसेना. पुढच्याच वर्षी इंग्लंडमधील कलहॅम येथील पथक आपली लेसर-उपकरणे घेऊन मॉस्कोला गेले, त्याने प्लाझ्माचे तापमान स्वतः मोजले, आणि रशियनांचे म्हणणे खरे ठरवले. शीतयुद्धाच्या त्या काळात असे घडले ही गोष्ट विज्ञानाच्या इतिहासात आवर्जून सांगण्यासारखी आहे. तेव्हापासून जगभर टोकामॅक उभे राहिले, आणि त्या बहुतेक सर्वांत प्रवाहाचा आरंभ एकाच रीतीने होतो : रोहित्राच्या तत्त्वाने.

मायकेल फॅरडे याने १८३१ मध्ये दाखवून दिले की एखाद्या वेटोळ्यातून जाणारे चुंबकत्व बदलत राहिले तर त्या वेटोळ्यात विद्युत्‌दाब उत्पन्न होतो. गल्लीच्या कोपऱ्यावरील रोहित्रात दोन तारांची वेटोळी असतात. टोकामॅकमध्ये पहिले वेटोळे कंकणाच्या मधल्या पोकळीत उभे असते, त्याला मध्यवर्ती नालकुंतल म्हणतात, आणि दुसरे वेटोळे म्हणजे खुद्द वायूचे कंकण. नालकुंतलातील प्रवाह झपाट्याने बदलला की कंकणाभोवती दाब निर्माण होतो. हा दाब फार मोठा नसतो. पूर्ण वळशाला काही व्होल्ट, फार तर काही दशक व्होल्ट.

एवढ्याशा दाबाने वायू वाहक कसा बनतो, ह्याचे उत्तर काही वर्षांपूर्वीपर्यंत घरोघरी टांगलेले होते. जुन्या ट्यूबलाइटला एक स्टार्टर आणि एक चोक असे. बटण दाबल्यावर नळी दोन-तीन वेळा लुकलुके, मग एकदम उजळे. स्टार्टरने वाट तोडताच चोक क्षणभर मोठा दाब देई, त्याने नळीतला वायू फुटून वाहक बनत असे. एकदा वाट झाली की नेहमीचा दाब पुरे. टोकामॅकमध्ये तसा मोठा झटका देता येत नाही, त्याऐवजी इलेक्ट्रॉनला लांबचा पल्ला दिला जातो. वायूत मुळातच असलेला एखादा सुटा इलेक्ट्रॉन क्षेत्राच्या ओढीने धावू लागतो, वाटेत अणूवर आदळतो, त्यातून दुसरा इलेक्ट्रॉन सुटतो. दोनाचे चार, चाराचे आठ, असा लोंढा वाढत जातो. अट एवढीच, की इलेक्ट्रॉन भिंतीला जाऊन मिळण्यापूर्वी त्याच्या हातून पुरेशा टकरी झाल्या पाहिजेत. त्यासाठी त्याला पात्रात गोल गोल शेकडो मीटर धावू द्यावे लागते. आसपासच्या कुंडलांचे, पात्राच्या धातूत उमटणाऱ्या भोवऱ्यासारख्या प्रवाहांचे जे वेडेवाकडे क्षेत्र असते ते इलेक्ट्रॉनला वाट चुकवून भिंतीकडे नेते. म्हणून पात्राच्या मध्यभागी हे अवांतर क्षेत्र जवळजवळ शून्य होईल अशी योजना करतात. वायूचा दाबही नेमका लागतो, साधारणतः बाहेरच्या हवेच्या दाबाच्या कोटीव्या भागाच्या आसपास. वायू जास्त झाला तर इलेक्ट्रॉनला वेग घ्यायला अवसर मिळत नाही; कमी झाला तर टकरीच होत नाहीत, आणि काही इलेक्ट्रॉन भरमसाट वेगाने सुटून यंत्राच्या भिंतीला भोके पाडू शकतात. शास्त्रज्ञ त्यांना ‘पळपुटे इलेक्ट्रॉन’ म्हणतात, आणि ह्या पळपुट्यांचा धाक फार मोठा आहे.

वायू फुटला म्हणजे काम झाले असेही नाही. त्यानंतर एक उंबरठा येतो. भिंतीवरून निघालेले कार्बन, ऑक्सिजन, पाण्याची वाफ ह्यांचे अणू प्लाझ्मात शिरतात आणि तो जेमतेम तापू लागलेला असताना प्रकाशाच्या रूपाने त्याची सारी उष्णता उधळून टाकतात. आत येणारी ऊर्जा ह्या उधळपट्टीहून अधिक ठरली तर प्लाझ्मा उंबरठा ओलांडून पुढे जातो. नाही तर प्रवाह काही सहस्र अँपिअरवर घुटमळून मावळतो. कोणत्याही प्रयोगशाळेत नवे यंत्र चालू करताना पहिले कित्येक आठवडे पात्र भाजून आणि विद्युत्‌विसर्जनाने घासून स्वच्छ करण्यात जातात, ते ह्यासाठीच. भव्य घोषणांच्या मागे हे भांडी घासण्याचे काम असते, आणि त्याच्यावाचून दुसरे काहीही होत नाही.

यंत्र मोठे झाले की अडचण एका अंगाने वाढते. फ्रान्समध्ये कादाराश येथे भारतासह सात भागीदारांच्या सहकार्याने उभारल्या जात असलेल्या इटर ह्या यंत्राची कुंडले अतिसंवाहक आहेत. त्यांतला प्रवाह हवा तितक्या झपाट्याने बदलता येत नाही, शिवाय जाड धातूचे पात्र मध्ये येते. म्हणून तिथे दर मीटरला अवघ्या ०.३ व्होल्ट इतक्या क्षेत्रावर भागवावे लागणार आहे. एवढ्याने वायू फुटण्याची खात्री नसते, तेव्हा सूक्ष्मतरंगांची मदत घ्यायची असे ठरले. ह्याचा घरचा अनुभव भारताला आधीच आला आहे. गांधीनगरजवळील भाट येथे प्लाझ्मा संशोधन संस्थेत बांधलेल्या एसएसटी-१ ह्या अतिसंवाहक टोकामॅकमध्ये जून २०१३ मध्ये पहिला प्लाझ्मा उभा राहिला, तो ४२ गिगाहर्ट्‌झच्या सूक्ष्मतरंगांनी वायूचे आधीच आयनीभवन करून. त्याच संस्थेतील १९८९ सालच्या ‘आदित्य’ ह्या साध्या तांब्याच्या कुंडलांच्या टोकामॅकला अशा मदतीवाचून चालत होते.

आता लहान यंत्राकडे वळावे. ‘लहान’ म्हणवणाऱ्या टोकामॅकच्या दोन निराळ्या जाती आहेत, आणि त्यांची गल्लत करता कामा नये. पहिल्या जातीत कंकणाचा आकार जुनाच ठेवून चुंबकीय क्षेत्र फार तीव्र करतात. नव्या अतिसंवाहक फितींमुळे हे शक्य झाले आहे. अमेरिकेत मॅसॅच्युसेट्स राज्यात बांधण्यात येत असलेले स्पार्क हे ह्या जातीचे; त्याच्या मध्यवर्ती नालकुंतलाला जागा राखलेली आहे. दुसऱ्या जातीत कंकण इतके आखूड व फुगीर करतात की त्याला मधोमध आरपार भोक पाडलेल्या सफरचंदाचे रूप येते. ह्याला गोलाकार टोकामॅक म्हणतात. त्याचा लाभ मोठा आहे : तेवढ्याच चुंबकीय क्षेत्रात तो पुष्कळ अधिक दाबाचा प्लाझ्मा धरून ठेवतो. कलहॅम येथील स्टार्ट ह्या यंत्राने (१९९१ ते १९९८) प्लाझ्माचा दाब चुंबकीय दाबाच्या सुमारे ४० टक्क्यांपर्यंत नेऊन दाखवला, तेव्हा साऱ्या क्षेत्राचे डोळे विस्फारले. पण सफरचंदाच्या गाभ्यातले ते भोक अगदी अरुंद असते, आणि नालकुंतल उभे राहायचे असते नेमके तिथेच.

ह्याचा हिशेब शाळेतील विद्यार्थ्यालाही मांडता येईल. नालकुंतलातून जाणारे एकूण चुंबकत्व म्हणजे क्षेत्राची तीव्रता गुणिले गाभ्याचे क्षेत्रफळ. एक मीटर त्रिज्येच्या नालकुंतलात ५ टेस्लाचे क्षेत्र निर्माण केले, आणि ते एका दिशेकडून पूर्ण उलट दिशेला फिरवले, तर ३१ व्होल्ट-सेकंदांच्या आसपास शिदोरी हाती येते. म्हणजे वळशाला एक व्होल्ट दाब लागत असेल तर तो सुमारे अर्धा मिनिट देता येईल. आता त्रिज्या २० सेंटिमीटर करा. क्षेत्रफळ पंचविसाव्या हिश्शावर येते आणि शिदोरी सव्वा व्होल्ट-सेकंदावर. लहान यंत्रातही दहा लाख अँपिअरचा प्रवाह उभा करण्याचा खर्च ह्याच घरातला असतो. म्हणजे प्रवासाला निघाल्या निघाल्या शिदोरी संपली. आणि हे झाले प्रयोगशाळेतील यंत्राचे. खऱ्या वीजनिर्मितीच्या भट्टीत ड्यूटेरियम आणि ट्रिटियम ह्यांच्या संमीलनातून १४.१ दशलक्ष इलेक्ट्रॉन-व्होल्ट ऊर्जेचे न्यूट्रॉन सुटतात. ते नालकुंतलाच्या तारांवरील विसंवाहक आवरण जाळतात, अतिसंवाहकाला तापवतात. त्यांना अडवायला गाभ्यातच जाड कवच घालावे लागते, आणि मग नालकुंतलाला उरते काय? पुष्कळ आराखड्यांत काहीच नाही. म्हणून ‘नालकुंतलावाचून प्रवाहाचा आरंभ’ हा गोलाकार टोकामॅकच्या अभ्यासातील एक स्वतंत्र विषय होऊन बसला आहे.

त्यासाठी जे मार्ग शोधले गेले त्यांत पहिला सूक्ष्मतरंगांचा. चुंबकीय क्षेत्रात इलेक्ट्रॉन ठरावीक गतीने गिरक्या घेतो. १ टेस्ला क्षेत्रात सेकंदाला २८ अब्ज. नेमक्या तितक्याच कंपनसंख्येची लहर सोडली तर झोपाळ्याला योग्य क्षणी झोका द्यावा तशी इलेक्ट्रॉनची ऊर्जा वाढत जाते. कलहॅमच्या मास्ट ह्या यंत्रात २८ गिगाहर्ट्‌झच्या लहरींनी सत्तर हजार अँपिअरच्या घरातील प्रवाह उभा करण्यात आला. जपानमध्ये क्योतो, टोकियो आणि क्यूशू ह्या विद्यापीठांनी ह्या मार्गावर चिकाटीने काम केले आहे. क्योतोच्या लेट ह्या लहानशा यंत्रातील प्रयोग तर २.४५ गिगाहर्ट्‌झवर झाले, म्हणजे स्वयंपाकघरातील सूक्ष्मतरंग-भट्टी ज्या कंपनसंख्येवर चालते तिच्यावरच. अडचण अशी की प्लाझ्मा दाट झाला की लहर त्यात शिरेनाशी होते, आरशावरून परतावी तशी परतते. मग तिचे आतल्या आत दुसऱ्या जातीच्या लहरीत रूपांतर करण्याची नाजूक युक्ती योजावी लागते.

दुसरा मार्ग अधिक धाडसी आहे. पात्राच्या आतल्या व बाहेरच्या भिंती एकमेकींपासून विसंवाहक कड्याने अलग करायच्या, त्यांना विद्युत्‌घटाच्या दोन अग्रांसारखे वापरून वायूतून प्रवाह सोडायचा, आणि साबणाच्या फेसातून फुंकून फुगा काढावा तसा चुंबकीय क्षेत्रासह प्लाझ्माचा फुगा पात्रात ढकलायचा. फुगा मूळ भिंतीपासून सुटला की त्यातला प्रवाह स्वतःभोवतीच फिरू लागतो. अमेरिकेत प्रिन्स्टन येथील एनएसटीएक्स यंत्रात ह्या रीतीने दीड लाख अँपिअरहून अधिक प्रवाह मिळाला, आणि पुढे नालकुंतलाची जोड दिली असता दहा लाखांपर्यंत पोचण्याचा नालकुंतलावरील भार सुमारे तृतीयांशाने कमी झाला. विस्कॉन्सिन विद्यापीठाच्या पेगासस यंत्रात भिंतीऐवजी लहान तोफांसारख्या टोकांतून प्रवाह आत सोडतात. तिथेही आकडा दोन लाखांच्या आसपास गेला, आणि त्याची पेगासस-३ ही नवी आवृत्ती तर मध्यवर्ती नालकुंतल मुळीच न ठेवता बांधली गेली.

तिसरा मार्ग स्टार्टमध्येच वापरला गेला होता. पात्राच्या आत वरखाली दोन कुंडले ठेवून त्यांच्याभोवती प्लाझ्माची दोन कडी निर्माण करायची, ती मध्यावर आणून एकमेकींत विलीन करायची, मग दाबून लहान करायची. विलीन होताना चुंबकीय रेषा तुटून पुन्हा जोडल्या जातात आणि त्या झटापटीत प्लाझ्मा चांगलाच तापतो. इंग्लंडमधील एका खासगी कंपनीच्या एसटी-४० यंत्रात प्रवाहाचा आरंभ ह्याच रीतीने होतो. त्या यंत्रात आयनांचे तापमान १० कोटी अंशांपलीकडे गेल्याचे २०२२ मध्ये जाहीर झाले.

हे तिन्ही मार्ग प्रयोगशाळेत चालतात ह्यात शंका नाही. पण भट्टीचा विचार करू लागले की प्रत्येकाचे दुखणे दिसते. विसंवाहक कडे न्यूट्रॉनांच्या माऱ्यात टिकणे कठीण; पात्रातली कुंडले त्याहून कठीण; सूक्ष्मतरंग न्यूट्रॉनांना भीत नाहीत, परंतु त्यांनी मिळवलेला प्रवाह आजवर सर्वांत थोडा. लाखावरून कोटीवर कसे जायचे हे कोणत्याही मार्गाने अजून प्रत्यक्ष करून दाखवलेले नाही. ‘लहान’ संमीलन-भट्टीच्या घोषणेत तापमानाचा आकडा ठळक छापलेला असतो. प्रवाह कशाने सुरू केला आणि त्याला किती व्होल्ट-सेकंद खर्ची पडले हे मात्र शोधावे लागते. खरे तर घोषणेची पारख तिथेच होते.

ह्यावर एक आक्षेप नेहमी घेतला जातो, आणि तो पोकळ नाही. आक्षेपक म्हणतात, भट्टी सुरू करायची ती वर्षातून एक-दोनदा. तेवढ्यापुरते बारीकसे नालकुंतल बसवावे, पुढचा प्रवाह सूक्ष्मतरंगांनी, वेगवान अणूंच्या झोतांनी आणि प्लाझ्माच्या स्वतःच्या दाबातून निर्माण होणाऱ्या प्रवाहाने चालू ठेवावा. आरंभाचा एवढा बाऊ कशाला? प्रवाह सतत चालू ठेवणे हा अधिक अवघड प्रश्न आहे, हे त्यांचे म्हणणे मान्य केलेच पाहिजे. परंतु टोकामॅकमधील प्रवाह अधूनमधून एकाएकी कोसळतो, काही मिलिसेकंदांत नाहीसा होतो, ही गोष्ट ह्या युक्तिवादात गृहीत धरलेली नसते. असा प्रवाहभंग झाला की पुन्हा पहिल्यापासून आरंभ. ज्या शहराला त्या भट्टीची वीज जाते त्याला, आरंभाचे साधन बाहेर काढून ठेवले आहे, असे उत्तर देऊन चालणार नाही.

दिल्ली परिसरात हा विषय परका नाही. हौज खास येथील आयआयटीत १९६० नंतरच्या दशकात प्लाझ्मा-भौतिकीचा सैद्धान्तिक अभ्यास रुजला. त्या संस्थेच्या अगदी पहिल्या पीएच.डी. पदवीधरांपैकी एक म्हणजे प्रेधिमान कृष्ण कॉ. १९६६ मध्ये, वयाच्या अवघ्या अठराव्या वर्षी त्यांनी ती पदवी मिळवली. पुढे प्रिन्स्टनला नाव कमावून ते मायदेशी परतले, १९८२ मध्ये अहमदाबादला प्लाझ्मा-भौतिकीचा कार्यक्रम सुरू झाला, १९८६ मध्ये त्याचे स्वतंत्र संस्थेत रूपांतर झाले, आणि ‘आदित्य’ त्याच संस्थेत घडला. कॉ ह्यांचे २०१७ मध्ये निधन झाले. लहरी आणि प्लाझ्मा ह्यांच्या परस्परक्रियेचा जो अभ्यास दिल्लीत पिढ्यान्‌पिढ्या होत आला, तोच नालकुंतलावाचून आरंभ करण्याच्या पहिल्या मार्गाचा पाया आहे. प्रयोगाची परंपरा मात्र गांधीनगर आणि कोलकाता येथे वाढली. कोलकात्याच्या साहा संस्थेने १९८७ च्या सुमारास जपानकडून घेतलेला लहान टोकामॅक चालू केला होता, आणि त्याचे कंकण इतके लहान होते की मोठ्या मेजावर मावावे.

अर्थसंकल्प मांडणाऱ्या शहराने आपल्या विद्यापीठांसाठी असे एक मेजावरचे गोलाकार यंत्र का उभारू नये? इटरमधील भागीदारी मोलाची आहे. परंतु तेथून उत्तरे यायला अनेक वर्षे लागतील, आणि तिथे नालकुंतलासाठी जागा भरपूर असल्यामुळे ह्या विशिष्ट प्रश्नाचे उत्तर तिथून मिळणारच नाही. उलट जपानमध्ये आणि विस्कॉन्सिनमध्ये ह्या प्रश्नावरचे काम विद्यापीठांतील लहान यंत्रांनीच केले, विद्यार्थ्यांच्या हातांनी केले. दिल्लीत त्याचा नमुनाही तयार आहे. जवाहरलाल नेहरू विद्यापीठाशेजारचे आंतर-विद्यापीठ त्वरक केंद्र १९८४ मध्ये स्थापन झाले तेच मुळी एकट्या विद्यापीठाला न झेपणारे यंत्र सर्वांनी मिळून वापरावे म्हणून. त्याच धर्तीवर प्लाझ्माचे यंत्र मागणे हे काही अवाच्या सवा मागणे नव्हे.

ह्याच्या विरुद्ध बाजूला उतावळेपणाचाही धोका आहे, आणि त्याचे उदाहरण घरचेच आहे. ऑगस्ट १९५५ मध्ये जिनिव्हा येथे अणुशक्तीच्या शांततामय उपयोगांवरील पहिल्या आंतरराष्ट्रीय परिषदेचे अध्यक्ष म्हणून बोलताना डॉ. होमी भाभा ह्यांनी, येत्या दोन दशकांत संमीलनाची ऊर्जा नियंत्रित रीतीने मिळवण्याची पद्धत सापडेल, असे भाकीत केले होते. दोन दशके १९७५ मध्ये संपली. त्या भाकिताने गुपिताच्या भिंती पाडायला मदत केली हे खरे. पण पेटवण्यापूर्वी काय काय करावे लागते, ह्याचा अंदाज तेव्हा जगात कोणालाच नव्हता. बदरपूरचे कोळशाचे वीजकेंद्र ऑक्टोबर २०१८ मध्ये बंद झाले आणि दिल्लीकरांनी सुटकेचा श्वास टाकला. त्याच्या जागी संमीलनाची लहान भट्टी येणार आहे, असे जर कोणी आज सांगू लागला, तर त्याला त्याच्या प्रवाहाचा आरंभ विचारावा.

प्रस्तावित यंत्राचा सांगाडा तसा साधा आहे. पुरुषभर उंचीचे पोलादी निर्वात पात्र, हवा उपसणारे पंप, तांब्याची कुंडले, ती क्षणभर प्रज्वलित करण्यासाठी विद्युत्‌संचयकांची रांग, आणि २.४५ गिगाहर्ट्‌झच्या सूक्ष्मतरंगांचा उगम. ह्या कंपनसंख्येला ०.०८७५ टेस्ला एवढेच क्षेत्र पुरते. ह्यांपैकी बहुतेक वस्तू भारतात बनतात. पहिल्या वर्षी मध्यभागी बारीक नालकुंतल ठेवून साध्या रीतीने प्रवाह उभा करावा, त्याची नोंद ठेवावी. मग नालकुंतलातील प्रवाह टप्प्याटप्प्याने कमी करत न्यावा आणि लहरींचा वाटा वाढवत न्यावा, आणि नालकुंतल पूर्ण बंद केल्यावर किती अँपिअर उरतात ते मोजावे.